मृत्युशय्येजवळची परिचारिका

रुग्णालयात येणाऱ्या मृत्यूचा विचार करताना सामान्यतः डॉक्टर, रुग्ण आणि आप्तेष्ट एवढ्या तिघांचाच विचार केला जातो. वैद्यकीय नीतिशास्त्रावरील ग्रंथांतही बहुधा या तिघांमधील संबंधांचीच चर्चा आढळते. वस्तुतः मरणासन्न रुग्णाच्या चोवीस तासांपैकी फार थोडी मिनिटे डॉक्टरांच्या वाट्याला येतात. उरलेला सारा काळ परिचारिकेचा असतो. रुग्णाची कूस बदलणे, ओठ ओले करणे, श्वास मोजणे, औषधाचा कागद वाचून त्याप्रमाणे सुई टोचणे ही सर्व कामे तीच करते. निर्णय दुसऱ्याचा, पण तो अमलात आणणारा हात मात्र तिचा, अशी ही विलक्षण स्थिती आहे. तो निर्णय चुकीचा आहे असे तिला वाटले आणि व्यवस्थापनाने तिला गप्प बसण्यास सुचविले, तर काय घडते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

आधुनिक परिचर्येच्या उगमापासूनच या व्यवसायात दोन निष्ठा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात, लिस्ट्रा ग्रेटर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने परिचारिकांसाठी एक प्रतिज्ञा तयार केली. तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव देण्यात आले, परंतु ती त्यांनी स्वतः लिहिलेली नाही. भारतातील नर्सिंगच्या विद्यार्थिनीही हातात दिवा घेऊन याच परंपरेतील प्रतिज्ञा उच्चारतात. अपायकारक औषध जाणूनबुजून कोणालाही देणार नाही, असे तीत वचन आहे. आणि वैद्याला त्याच्या कार्यात निष्ठेने साहाय्य करीन, असेही वचन आहे. नेहमीच्या कामात या दोन वचनांमध्ये विरोध येत नाही. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी कोणते वचन श्रेष्ठ मानावे, हे मात्र ती प्रतिज्ञा सांगत नाही.

असा विरोध किती काळ चालू शकतो आणि त्याची किती किंमत मोजावी लागते, याचे कदाचित सर्वांत सविस्तर नोंदले गेलेले उदाहरण इंग्लंडमधील गॉस्पोर्टचे आहे. दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथ बंदराच्या पलीकडे वसलेले हे लहान शहर. पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक म्हणून तेथे ‘वॉर मेमोरियल’ रुग्णालय उभारण्यात आले. निवासी डॉक्टर नसलेले, गावच्या माणसांना जवळचे वाटणारे असे ते रुग्णालय होते. मोठ्या रुग्णालयांत मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले किंवा पक्षाघातातून सावरणारे अनेक वृद्ध पुन्हा चालते-फिरते व्हावेत म्हणून येथे पाठविले जात. १९८८ पासून येथील वृद्धांच्या विभागाचे दैनंदिन वैद्यकीय काम डॉ. जेन बार्टन या गावात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टर अर्धवेळ पाहत असत. सल्लागार तज्ज्ञ अधूनमधून फेरी मारून जात.

पुढील भाग समजण्यासाठी एका उपकरणाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. बॅटरीवर चालणारी एक लहानशी पेटी, तिच्यात बसविलेली सिरिंज आणि त्वचेखाली गेलेली बारीक नळी, एवढेच त्याचे स्वरूप. त्याला ‘सिरिंज ड्रायव्हर’ म्हणतात. सिरिंजमधील औषध चोवीस तास थेंबाथेंबाने शरीरात जात राहते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मरणासन्न रुग्णांच्या वेदनाशमनासाठी त्याचा वापर सुरू झाला. ज्याला गिळता येत नाही अशा कर्करोग्याला दर चार तासांनी सुई टोचण्याच्या यातनेतून या पेटीने सोडविले. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून वाढत गेलेल्या वेदनाशमनाच्या शास्त्रातले हे एक मोलाचे साधन होय. (सॉन्डर्स यांचे पहिले शिक्षण परिचारिकेचेच होते. डॉक्टर त्या वयाच्या चाळिशीकडे झुकताना झाल्या.) तेव्हा दोष त्या पेटीचा नव्हता आणि अफूपासून बनणाऱ्या औषधांचाही नव्हता, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मॉर्फिनविषयीच्या अवास्तव भीतीने भारतात असंख्य रुग्णांना तळमळत मरावे लागले आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर रुग्णालयांना हे औषध मिळणे इतके अवघड झाले की, २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

वेदनाशमनाचा एक क्रम असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तो तीन पायऱ्यांच्या रूपात मांडला. प्रथम पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, ती पुरेनाशी झाल्यावर कोडीनसारखी सौम्य, आणि त्यानंतर मॉर्फिन. गॉस्पोर्टमध्ये या पायऱ्या वारंवार वगळल्या जात होत्या. रुग्ण दाखल होताच, त्याला तीव्र वेदना असोत वा नसोत, डायमॉर्फिन, मिडाझोलाम हे गुंगी आणणारे औषध आणि हायोसीन यांची मात्रा पुढे ‘लागल्यास’ म्हणून आगाऊ लिहून ठेवली जाई. अनेक कागदांवर डायमॉर्फिनची मर्यादा चोवीस तासांत २० ते २०० मिलिग्रॅम अशी असे. ही दहापटींची तफावत आहे. डायमॉर्फिन म्हणजे वैद्यकीय उपयोगासाठी बनविलेले हेरॉइन. त्वचेखालून दिल्यास ते तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनच्या सुमारे तिप्पट प्रभावी ठरते. ज्याने असे औषध पूर्वी कधीच घेतलेले नाही अशा नव्वदीतील कृश रुग्णाला यातील वरची मात्रा श्वास मंद करणारी ठरते, हे सांगण्यास मोठ्या तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

पण या आकड्यांचा आणखी एक अर्थ आहे, आणि परिचर्येच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. डॉक्टर घरी आहेत. रात्रीचे दोन वाजले आहेत. कागदावर २० पासून २०० पर्यंतचा पट्टा आहे. पेटी केव्हा लावावयाची आणि कितीवर सुरू करावयाची, हे आता कोणी ठरवावयाचे? कायद्याने निर्णय डॉक्टरांचा. प्रत्यक्षात तो सिस्टरच्या आणि रात्रपाळीच्या परिचारिकेच्या पदरात टाकलेला. रुग्णाच्या कागदांवर ‘आराम मिळेल असे करा’ अशा अर्थाची सूचना आणि मृत्यूची खात्री परिचारिकांनी करण्यास आपली हरकत नाही असा शेराही आढळे. त्या वृद्धेला घरी परत जावयाचे आहे की नाही, हा प्रश्न तेथेच संपत असे.

रात्रपाळीच्या परिचारिकांनाच प्रथम शंका आली, यात आश्चर्य नाही. दिवसा वॉर्डात वर्दळ असते, कामाचा रेटा असतो. रात्री माणूस आणि त्याचा श्वास एवढेच समोर उरते. मुख्य इमारतीपासून दूर असलेल्या ‘रेडक्लिफ ॲनेक्स’ या विभागात काम करणाऱ्या काही जणींनी फेब्रुवारी १९९१ पासून आपली अस्वस्थता वरिष्ठांना कळविण्यास सुरुवात केली. जुलैमध्ये झालेल्या बैठकीत त्यांनी मुद्दे मांडले. डायमॉर्फिन दिले जाणाऱ्या सर्वच रुग्णांना वेदना नसतात. वेदनेचे कारण शोधले जात नाही. सौम्य औषध आधी देऊन पाहिले जात नाही. काहींचा मृत्यू विनाकारण लवकर ओढवत असावा. या तक्रारीत कोणा डॉक्टरवर खुनाचा आरोप नव्हता. रुग्णालयात एक पद्धत रूढ होत आहे आणि तिला लेखी नियम असावा, एवढीच त्यांची मागणी होती.

व्यवस्थापनाने या मागणीला दिलेला प्रतिसाद लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. त्यात धमकी नाही. ‘तोंड बंद ठेवा’ असे कोणी म्हटले नाही. प्रथम प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम आखण्यात आला. म्हणजे प्रश्न पद्धतीचा नसून परिचारिकांच्या अपुऱ्या माहितीचा आहे, असे गृहीत धरले गेले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस परिचर्येच्या शिक्षण विभागातील एक अध्यापिका त्यांना येऊन भेटल्या आणि त्यांनी ऐकलेले सर्व लिहून दिले. नोव्हेंबरमध्ये व्यवस्थापनाकडून सूचना आली की, ज्या ज्या रुग्णाला औषध अयोग्य रीतीने दिले गेले असे वाटत असेल, त्याचे नाव द्यावे. वरवर पाहता ही सूचना रास्त वाटते. तक्रार करावयाची तर पुरावा द्यावा. परंतु नाव दिले की पद्धतीचा प्रश्न नाहीसा होतो आणि त्या जागी अमुक परिचारिकेने तमुक डॉक्टरवर केलेला आरोप उभा राहतो. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगच्या स्थानिक प्रतिनिधीने हे ओळखले होते. लेखी धोरण ठरवा, हीच मागणी त्याने पत्रांतून लावून धरली.

१७ डिसेंबर १९९१ रोजी डॉ. बार्टन, सल्लागार तज्ज्ञ, व्यवस्थापिका आणि परिचारिका अशी बैठक झाली. तिचा वृत्तांत उपलब्ध आहे. या विषयामुळे सर्वांवर, विशेषतः डॉक्टरांवर, फार ताण पडला आहे. तो असाच वाढू दिला तर रुग्णांच्या शुश्रूषेवर परिणाम होईल आणि विभागातील चांगल्या कामाला बाधा येईल, असे प्रास्ताविक करण्यात आले. यापुढे एखाद्या रुग्णाविषयी शंका आल्यास ती डॉ. बार्टन यांच्याशी किंवा सिस्टरशी बोलावी, असे ठरले. म्हणजे ज्यांच्या पद्धतीविषयी शंका, त्यांच्याकडेच शंका न्यावयाची. शेवटी, परिचर्येसाठी काही धोरण ठरविण्याची आवश्यकता आहे काय, असे विचारण्यात आले. उपस्थितांपैकी कोणालाही तशी आवश्यकता वाटली नाही, अशी नोंद आहे.

उपस्थितांपैकी कोणालाही! दहा महिने जो प्रश्न विचारला जात होता, तो विचारणाऱ्यांच्याच संमतीने मिटला. ज्यांच्याबरोबर उद्या सकाळी पाळी बदलावयाची आहे, त्यांच्यासमोर, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, हात वर करून ‘होय, आवश्यकता आहे’ असे म्हणणे किती कठीण असते, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या वाचकास सांगावयास नको. व्यवस्थापनाचा अनैतिक दबाव म्हटले की हुकूम, बदली, बडतर्फी अशी चित्रे डोळ्यांसमोर येतात. गॉस्पोर्टमध्ये त्यांची गरजच पडली नाही. सलोख्याचे आवाहन पुरेसे ठरले.

अर्थात बडतर्फीची भीतीही निराधार नव्हती. त्याच सुमारास स्टॉकपोर्टमधील स्टेपिंग हिल रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या ग्रॅहम पिंक या परिचारकाने वृद्धांच्या वॉर्डांत माणसे अपुरी पडतात आणि मरणोन्मुख रुग्णांना कोणी पाहत नाही, अशी पत्रे अधिकाऱ्यांपासून मंत्र्यांपर्यंत पाठविली होती. एप्रिल १९९० मध्ये ती ‘गार्डियन’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. रुग्णांची गुप्तता भंग केल्याचा आरोप ठेवून त्याला निलंबित करण्यात आले आणि १९९१ मध्ये कामावरून काढण्यात आले. वास्तविक, रुग्णाच्या हिताची व्यक्तिगत जबाबदारी परिचारिकेवर आहे, असे ब्रिटनमधील परिचर्या परिषदेच्या तत्कालीन आचारसंहितेत स्पष्ट सांगितलेले होते. संहिता बोलावयास सांगत होती आणि नोकरी गप्प राहावयास सांगत होती. जनहितार्थ वाच्यता करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा ब्रिटनमध्ये संमत झाला तो १९९८ मध्ये.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गॉस्पोर्टच्या रुग्णालयात ९१ वर्षांच्या एका वृद्धेचा मृत्यू झाला. तिच्या दोन मुलींपैकी एक निवृत्त परिचारिका होती. आईच्या अंथरुणाजवळ काय चालले आहे, हे ती जाणत होती. या बहिणी पोलिसांकडे गेल्या. पुढील वर्षांत पोलिसांनी तीन वेळा तपास केला. त्यातून कोणावरही खटला उभा राहिला नाही. २००२ मध्ये आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या आयोगाने चौकशी केली. त्याच वर्षी रात्रपाळीच्या परिचारिकांनी १९९१ मधील बैठकींचे वृत्तांत आणि पत्रे पुढे केली. सुमारे अकरा वर्षे ते कागद त्यांनी जपून ठेवले होते. २००९ मध्ये दहा मृत्यूंची न्यायिक चौकशी झाली आणि त्यांपैकी पाच मृत्यूंना औषधांचा हातभार लागला, असा ज्यूरीने निष्कर्ष काढला. २०१० मध्ये वैद्यकीय परिषदेने डॉ. बार्टन यांना गंभीर व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरविले. मात्र त्यांचे नाव नोंदवहीतून काढले नाही.

नातेवाईकांच्या आग्रहामुळे शासनाने २०१४ मध्ये बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र मंडळ नेमले. दहा लाखांहून अधिक पृष्ठांची कागदपत्रे तपासून त्याने २० जून २०१८ रोजी अहवाल सादर केला. १९८९ ते २००० या काळात ४५६ रुग्णांना वैद्यकीय कारण नसताना अफूवर्गीय औषधे देण्यात आली, असे मंडळास आढळले. अनेक नोंदी गहाळ असल्याने आणखी किमान २०० जणांच्या बाबतीत तसेच घडले असावे, असाही त्याचा अंदाज आहे. १९९१ मधील परिचारिकांनी रुग्णालयाला चूक सुधारण्याची संधी दिली होती आणि ती रुग्णालयाने गमावली, असे अहवाल स्पष्टपणे म्हणतो. आरोग्यमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. २०१९ मध्ये दुसऱ्या परगण्यांतील पोलिसांकडून नवा तपास सुरू करण्यात आला.

डॉ. बार्टन यांनी आपली बाजू मांडली आहे, ती येथे नमूद करणे न्यायाचे होईल. रुग्णांची संख्या आणि त्यांचा अशक्तपणा वाढत गेला, साधने अपुरी होती, वरिष्ठांना आपल्या लेखनपद्धतीची कल्पना होती, आणि आपण रुग्णांसाठी शक्य तेवढे केले, असे त्यांचे म्हणणे. यातील साधनांच्या अपुरेपणाचा मुद्दा खोटा म्हणता येणार नाही. परंतु मनुष्यबळ कमी असेल तर रुग्णाला कमी शुश्रूषा मिळेल. त्याला अधिक डायमॉर्फिन का मिळावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

परिचारिकांचीही बाजू सर्वस्वी स्वच्छ नाही. डिसेंबर १९९१ नंतर आणखी आठ-नऊ वर्षे त्याच पेट्या लावल्या जात होत्या आणि त्या लावणारे हात परिचारिकांचेच होते. काहींना शंका नव्हती, काहींनी ती गिळली, काहींनी नोकरी सोडली असेल. आज्ञेला आव्हान देण्याची जबाबदारी परिचारिकांचीही होती, हे मंडळाने नजरेआड केलेले नाही. तरीही एक फरक केलाच पाहिजे. ज्याने प्रश्न विचारला आणि ज्याला तो मागे घ्यावा लागला, त्याचा दोष आणि ज्याने तो मागे घ्यावयास लावला, त्याचा दोष एकाच तराजूत घालता येत नाही.

परिचारिका एकजुटीने उभ्या राहिल्या तर काय होऊ शकते, याचे अगदी निराळ्या जातीचे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयाच्याच एका वॉर्डबॉयने अमानुष हल्ला केला. गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि त्या पुन्हा कधीही भानावर आल्या नाहीत. वॉर्डातील एका खोलीत त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा चालू ठेवली. १९८० च्या दशकात, खाट मोकळी व्हावी म्हणून, त्यांना रुग्णालयाबाहेर हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने केला. परिचारिकांनी याविरुद्ध आंदोलन केले आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. येथेही हुकमामागे एक सोज्ज्वळ कारण होतेच: खाटा थोड्या, रुग्ण फार. पण येथे नकार एकेकटीने द्यावयाचा नव्हता. ज्या अंथरुणावर आपल्यातलीच एक जण आहे, त्याविषयी हात वर करावयास कोणी कचरले नाही.

१९९१ च्या गॉस्पोर्टमधील वृद्धांना असे ‘आपल्यातले’ कोण होते, हा प्रश्न येथे साहजिकच मनात येतो. तथापि के. ई. एम. मधील कथेलाही एक अनुत्तरित बाजू आहे. लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांना नळीने दिले जाणारे अन्न थांबवावे, अशी विनंती सर्वोच्च न्यायालयाला केली, तेव्हा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणांच्या बाबतीत ती विनंती अमान्य केली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, इतकी वर्षे त्यांना सांभाळणाऱ्या के. ई. एम. च्या कर्मचारीवर्गाचा आहे, असे न्यायालयाने मानले. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर इतक्या वर्षांत शय्याव्रण झाले नव्हते, हे शुश्रूषेचे प्रशस्तिपत्र निकालात आले. अरुणांना स्वतःला काय हवे होते, हे मात्र कोणासच विचारता आले नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला.

त्याच निकालाने भारतात जीवनरक्षक उपचार थांबविण्याचा मार्ग प्रथम खुला केला; त्यासाठी उच्च न्यायालयाची अनुमती आवश्यक ठरविली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपल्या इच्छेचा लेखी दस्तऐवज आगाऊ करून ठेवण्याची मुभा दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ही कार्यपद्धती सोपी करण्यात आली. तीनुसार रुग्णालयात एक प्राथमिक वैद्यकीय मंडळ असावे; त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असावेत. त्यावर दुय्यम मंडळ असावे, त्यातही डॉक्टरच. आप्तेष्टांची संमती घ्यावयाची आहे, दंडाधिकाऱ्यांना कळवावयाचे आहे. परिचारिकेचा उल्लेख या दोन्ही मंडळांच्या रचनेत नाही.

मंडळाचा निर्णय झाल्यावर कृत्रिम श्वसनयंत्राजवळ उभी राहणारी, वेदनाशामकाची मात्रा मोजणारी आणि त्या रात्रीच्या नोंदी लिहिणारी ती मात्र तीच असते. गॉस्पोर्टमधील ४५६ ही संख्या ज्या कागदांवरून मोजली गेली, त्यांत रुग्णालयातील औषधांचे तक्ते आणि परिचारिकांनी पाळी संपताना लिहिलेल्या नोंदी यांचा मोठा वाटा होता. कोणत्या वाजता पेटी लावली, किती मिलिग्रॅम भरले, रुग्ण तेव्हा जागा होता की नाही, दुखते असे म्हणाला होता की नाही, हे त्यांत होते. जेथे ही शेवटची नोंद लिहिलेली नव्हती, तेथे वीस वर्षांनंतर कोणालाही उत्तर देता आले नाही.